सांध्याखालची रांग

छापील, चिकटवायची फिल्म लावण्याच्या कामात पहिला प्रश्न एकच असतो: वारा कुठून येणार? दुकानाच्या पाटीवर तो कुठूनही आला तरी चालतो. शर्यतीच्या गाडीवर तो समोरून येतो, आणि इतक्या जोरात येतो की नखाएवढी कड मोकळी राहिली तरी तिच्यात शिरून अख्खा तुकडा सोलून काढतो. म्हणून गाडीवर दोन तुकडे कडेला कड लावून बसवत नाहीत. पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवतात, छपरावर कौलं चढवतात तसा. त्यासाठी मागच्या तुकड्याच्या सुरुवातीला एक कोरी पट्टी सोडलेली असते. ती झाकली जाण्यासाठीच असते.

त्या गुरुवारी कार्यशाळेत गाडीच्या डाव्या बाजूचा मागचा तुकडा बसवून मी पुढचा हातात घेतला, आणि पाहिलं तर पट्टी कोरी नव्हती. वरपासून खालपर्यंत तिच्यावर चेहऱ्यांची एक रांग होती. वरून चौथे बाबा होते.

हंगामातली ती शेवटची शर्यत. संघाने महिनाभर आधी जाहीर केलं होतं की, चाहत्यांनी देणगी द्यावी आणि एक फोटो पाठवावा. गाडी त्या फोटोंनी मढवून पळवली जाईल आणि जमलेली रक्कम डायलिसिसच्या केंद्राला जाईल. प्रत्येक फोटो टपाल तिकिटाएवढा. स्वतःचे फोटो पाठवणारे होते, तसे गेलेल्या माणसांचे पाठवणारेही होते. हजाराच्या वर आले. छपाईचं आणि फिल्म लावायचं काम आमच्याकडे होतं. आमच्याकडे म्हणजे दादा आणि मी. दादा संगणकावर मांडणी करून छापतो, मी लावते. मी रसायनशास्त्र शिकले आहे. बाबा म्हणायचे, "एवढे रेणू मोजून शेवटी स्टिकरच लावतेस."

बाबा स्वतः रंगारी. याच संघाच्या गाड्यांवर त्यांनी चाळीस वर्षं हाताने आकडे आणि चालकांची नावं रंगवली. त्यांचं नाव मात्र कुठल्याच गाडीवर आलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "रंगाऱ्याचं नाव भिंतीवर असतं का कधी?" शेवटची दोन वर्षं त्यांची त्याच डायलिसिसच्या केंद्रात गेली, एका दिवसाआड, खिडकीजवळच्या खुर्चीत.

आई त्या चाळीस वर्षांत एकदाही शर्यतीला आली नव्हती. "गोल गोल फिरून जिथून निघाल्या तिथेच येतात तुमच्या गाड्या. त्यात काय बघायचं?" असं तिचं म्हणणं. पण बाबांचा फोटो गाडीवर लागणार म्हटल्यावर ती म्हणाली, "या वेळी येणार मी. ह्यांना बघायला." मग कोणता फोटो द्यायचा याचाच तिने इतका घोळ घातला की मुदत टळून गेली. ड्रॉवरमधले सगळे फोटो पलंगावर मांडायची आणि परत आत ठेवायची. शेवटी दिला तो कानावर पेन्सिल खोचलेला, ओढलेली रेघ सरळ आली का ते तिरक्या नजरेने पाहणारा. "हेच खरे हे," ती म्हणाली. "माझ्याकडेही जन्मभर असंच बघितलंय."

मी दादाला हाक मारली. तो मागच्या टेबलावर उरलेले तुकडे कापत होता.

"दादा, ही पट्टी कोरी हवी होती."

तो वाकून पाहू लागला. "अगं, रिकामी होती म्हणून तर भरली. उशिरा आलेले फोटो कुठे घालू? संघाचा मॅनेजर रोज दोन-चार पाठवतच होता. आणि बाबांचा तर सगळ्यांत शेवटी."

"रिकामी नव्हती. सांध्यासाठी होती."

मग त्याच्या लक्षात आलं. त्याची निम्मी हयात दुकानांच्या पाट्या करण्यात गेलेली. पाटी जागची हलत नाही, तिला असली पट्टी लागत नाही. आमच्या गाड्यांच्या मांडणीत ती मी दर वेळी आखून देते. या वेळीही दिली होती. त्याला ती मोकळी जागा वाटली.

"कडेला कड लाव," तो म्हणाला. "तुझा हात साफ आहे."

"वाऱ्याला हात दिसत नाही. कड उचलली आणि तुकडा मागच्या गाडीच्या चालकाच्या तोंडावर बसला, तर?"

"मग ही रांग परत छापतो."

"आणि शाईतला द्रावक उडायला दिवसभर लागतो त्याचं काय? गाडी नेणारा ट्रक संध्याकाळी निघतोय. ओल्या शाईवर वरचा पारदर्शक थर दिला तर गोंद मऊ पडेल."

दादा टेबलाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात नमुन्याची फिल्म होती. रंग बरोबर येतात का ते पाहायला तो आठवडाभर आधी एक छापून ठेवतो, तीच. त्यातला बाबांचा चौकोन त्याने पात्याने कापलाही होता.

"सांधा चढव, आणि वरून हा चिकटव. त्याच जागी. आईला तिथे बाबा दिसले म्हणजे झालं."

"त्या जागी कोण आहे ते तरी बघ."

पुढच्या तुकड्याची शेवटची रांग आम्ही मोजली. वरून चौथी एक लहान मुलगी होती. मोठ्या माणसाचं हेल्मेट दोन्ही हातांनी सावरून धरलेलं, तरी ते भुवयांपर्यंत घसरलेलं. हसताना वरचे दोन दात नव्हते.

"हिच्या तोंडावर बाबा लावायचे?"

"एवढ्या हजारांत कोण शोधतंय गं एक फोटो?"

"आई शोधणार आहे. तसंच हिचंही कुणीतरी."

दादाने तो चौकोन खिशात घातला.

एवढ्यात संघाचे मुख्य मेकॅनिक आले. त्यांना सगळे मुकादम म्हणतात, तोंडावरसुद्धा. "ताई, फिल्म लावताय की तपश्चर्येला बसलाय?" दादाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. झाकलं गेलेलं कुणाला दिसणार नव्हतं, गाडी बाहेरून पूर्णच दिसणार होती, आणि पुढच्या हंगामाचं काम आम्हाला हवं होतं. पण शनिवारी सकाळी गाडी बघायला हे फोटो पाठवणारी माणसं आपला फोटो कुठल्या ओळीत आहे ते लिहून घेऊन तिच्याभोवतीच्या दोरीपाशी उभी राहणार होती.

मी मुकादमांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पट्टीवरून नख फिरवलं आणि विचारलं, "कडेला कड लावता येईल?"

"नाही."

"मग चढवा. मॅनेजरला मी सांगतो. पण या रांगेतल्या लोकांना फोन तुम्ही करायचे. चूक ज्याच्या हातची, फोनवर आवाजही त्याचाच." आणि दोन पावलं जाऊन वळले. "वरून चौथे आपले रंगारीबुवा ना?"

"हो."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

दादाने दुपारभर फोन केले. ट्रकच्या मागे उभा राहून करत होता, तरी थोडं ऐकू येत होतं. एकाने शिव्या दिल्या. दोघांनी देणगी परत मागितली. एक म्हातारी म्हणे एवढंच विचारत होती की, खाली असलं तरी वेग तेवढाच असेल ना. दादा म्हणाला, "हो आजी, अगदी तेवढाच." सगळे फोन संपवून तो माझ्याजवळ आला.

"एक राहिलाय," तो म्हणाला. "आईला तू सांग."

तोवर मी सांधा बसवायला घेतला होता. आधी फिल्म कोमट करतात, म्हणजे ती वळणावर बसते. मग वरून खाली, हवा काढत, कडेला फेल्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने, स्क्वीजीने, दाबत यायचं. पहिला चेहरा झाकला, दुसरा झाकला. चौथ्यापाशी मी थांबले नाही. मध्ये थांबलं की तिथे वळ उमटतो. बाबांच्या कानावरची पेन्सिल दिसेनाशी झाली, मग कपाळ, मग ती तिरकी नजर. वर मुलगी नीट बसली. बुडबुडा एकही नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून भिंग पुसत होती. बाबा बारीक अक्षर रंगवताना वापरायचे ते. तिचे उद्याचे कपडे खुर्चीच्या पाठीवर घडी करून टाकलेले होते. दादा दारातच उभा राहिला.

"आई, उद्या बाबा दिसणार नाहीत," मी म्हणाले.

"का? काढले?"

"नाही. गाडीवर आहेत. पण सांध्याखाली गेले. वर दुसरा तुकडा आहे."

तिने भिंग उजेडाकडे धरलं आणि पुन्हा पुसलं. मी तिला कोऱ्या पट्टीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. ती दादाकडे वळली.

"मोकळी जागा दिसली की काहीतरी कोंबायचं. लहानपणापासून हेच. दप्तर बघा, कपाट बघा. आता बापालाही कोंबलास."

"आई, चुकलं माझं." दादाने खिशातून तो चौकोन काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "हा घे. अगदी तसाच छापलेला आहे."

"हा गाडीवर होता?"

"नाही."

"मग असा माझ्या ड्रॉवरमध्ये आहेच की." तिने तो बोटाने त्याच्याकडे सरकवला. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली त्या माणसाने. एकदा, एकदाच तो गाडीवर असलेला मला बघायचा होता."

तिने भिंग त्याच्या डबीत घातलं, डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. "मी येऊन काय करू आता? तुम्ही जा."

जेवण झाल्यावर ताटं उचलताना तिने विचारलं, "लावले कुणी? तू?"

"हो."

"नीट चिकटलेत ना?"

"नीट चिकटलेत."

"आणि वर कोण आहे?"

"एक छोटी मुलगी. हेल्मेट घातलेली."

"कुणाची?"

"माहीत नाही, आई."

शनिवारी सकाळी मी आमच्या गाडीची किल्ली घेऊन खाली आले, तर आई फाटकाशी कपडे करून उभी होती. हातात भिंगाची डबी. "वर कोण बसलंय ते तरी बघून येते," ती म्हणाली.

शर्यतीची गाडी ट्रॅकवर संघाच्या गॅरेजच्या तोंडाशी आडवी लावली होती आणि भोवती दोरी बांधली होती. लांबून ती राखाडी दिसत होती. जवळ गेलं की त्या राखाडीचे चेहरे व्हायचे. लोक वाकून, चवड्यांवर बसून शोधत होते. "अरे, हा बघ मी! चाकाच्या वर!" कुणी म्हणत होतं. कुणी सापडल्यावर काहीच म्हणत नव्हतं. मी आईला डाव्या बाजूला नेलं आणि सांधा दाखवला. तो दिसत नाहीच. बोट फिरवलं तर केसाएवढी पायरी लागते. आईने भिंग काढलं आणि वरून चौथ्या चेहऱ्यावर धरलं. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

"दात पडलेत हिचे," ती म्हणाली.

शेजारी एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल, कामावरचा निळा कोट घातलेला, हातात घडी केलेला कागद. तो वाकला नव्हता. जिथे आई बघत होती, तिथेच तो उभ्याने बघत होता.

"ही तुमची का?" आईने विचारलं.

"हो. मुलगी."

"केवढी आहे?"

त्याने हातातला कागद आणखी दुमडला. "आठ वर्षांची होती."

आई सरळ उभी राहिली. भिंग तिने मुठीत धरलं.

"हेल्मेट माझं आहे," तो आपणहून बोलू लागला. "मोटरसायकलचं. कामावरून आलो की काढून घ्यायची आणि आरशासमोर बसायची. तोंडाने आवाज काढायची. जेवायला हाक मारली तर म्हणायची, 'थांब, शेवटची फेरी चाललीये.'" तो हसला आणि थांबला. "तिची आई नाही आली. म्हणाली, एवढ्या वेगात पोरीला एकटीला कशाला पाठवायचं. मी म्हटलं, अगं, फोटो आहे तो. तिलाही कळतं, फोटो आहे म्हणून. पण..."

त्याने कागदाची आणखी एक घडी घातली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती निघूया म्हणेल.

"एकटी नाहीये ती," आई त्याला म्हणाली.

"काय?"

"तिच्या खाली आमचे हे आहेत. माझ्या पोरांनी घोळ घातला, म्हणून. दिसत नाहीत, पण आहेत. बरोबर तिच्या खाली." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिनेच लावलेत."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याला सांधा कसा असतो ते सांगितलं. वारा समोरून येतो, त्यामुळे पुढचा तुकडा मागच्यावर चढवतात, आणि त्या चढवलेल्या भागात दोन फोटो एकावर एक आले आहेत. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"कोण होते ते?" त्याने आईला विचारलं.

"गाड्यांवर आकडे रंगवायचे. याच. फार बोलायचे नाहीत." आईने थोडा विचार केला. "पोरांना त्यांचा कधी त्रास नाही झाला. शेवटची फेरी म्हटली की थांबायचे. मीच ओरडायची."

तो माणूस आता वाकला. दोरीवरून हात पुढे नेला, पण गाडीला लावला नाही.

"हे घरी सांगितलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"सांगा की," आई म्हणाली.

रविवारी आई कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिली. तिला मी कानात घालायला बोळे दिले होते. तिने एकच घातला. एवढ्या वेगात गाडीवर चेहरे आहेत हेसुद्धा कळत नाही, नुसती एक राखाडी रेघ जाते. पहिल्या फेरीनंतर ती रेघ वळणावरून परत दिसली तेव्हा आई म्हणाली, "आली." मग प्रत्येक फेरीला म्हणत राहिली. गाडी जिंकली नाही, मधल्याच कुठल्यातरी क्रमांकावर आली. सगळे उठून निघाले तरी ती जाळीपाशीच होती. दादा तिच्याजवळ गेला. "चल आई. झाली शर्यत."

"जिथून निघाली तिथे आली ना?"

"आली."

"मग चल."

सोमवारी गाडी कार्यशाळेत परत आली. संघाने प्रत्येक देणगीदाराला त्याच्या फोटोचा चौकोन पाठवायचं कबूल केलं होतं, त्यामुळे फिल्म न फाडता सोलायची होती. सांध्यातल्या जोड्यांचं काय करायचं, ते दादा एकेका घरी फोन करून विचारत होता. शेवटी त्याने आईला कार्यशाळेत आणलं.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि दिवा जवळ ओढला. वरची मुलगी शर्यतीतून आली होती हे दिसत होतं. हेल्मेटवर बारीक खड्यांचे टोचे, गालावर टायरच्या रबराचा काळा कण रुतलेला. चेहरा मात्र शाबूत होता, आणि हसू. मी गरम हवेने कोपरा कोमट केला आणि पात्याच्या टोकाने अगदी थोडा उचलला. खालून बाबांच्या फोटोतला मागचा निळा रंग दिसला आणि त्यावर पेन्सिलीचं टोक. काल छापल्यासारखं स्वच्छ. खालच्या थराला वारा, खडे, काहीच लागलं नव्हतं.

आई पुढे झुकली.

"आणखी उचललं तर बाबा दिसतील," मी म्हणाले. "पण गोंद धरून बसलाय. ओढताना वरची फिल्म ताणली जाणार."

"ताणली म्हणजे?"

"चेहरा लांब होईल. एकदा ताणली की परत मूळच्या मापात येत नाही."

"आणि दोघं असेच एकत्र काढले तर?"

"तर नीट निघतील. पण मग चौकोन एकच. मागून गोंद, पुढून ती. बाबा मध्ये."

आईने भिंग काढलं नाही. ती नुसत्या डोळ्यांनी त्या उचललेल्या कोपऱ्याकडे पाहत होती. दादा तिच्यामागे फोन हातात घेऊन उभा होता. निळ्या कोटाच्या माणसाचा नंबर त्याने काढून ठेवला होता, पण अजून लावला नव्हता. मी पातं तसंच धरून होते. माझा हात आखडायला लागला.

"दाब परत," आई म्हणाली.

"आई, अगं, मग तुला काहीच..."

"दाब म्हटलं ना. थंड होईल ते." तिने हात मांडीवर ठेवले. "जोडूनच दे त्यांना. ती एकटी नाहीये असं तिच्या आईला सांगितलं असेल त्याने."

मी पातं काढलं आणि अंगठ्याने कोपरा दाबला. फिल्म अजून कोमट होती, लगेच बसली.